आरोग्यचिंतन : सांध्यांतील दाह आणि अणूचें चित्र

गेल्या कांहीं महिन्यांत ह्या सदराकडे आलेल्या पत्रांत एक प्रश्न निरनिराळ्या शब्दांत पुनःपुन्हां आढळला. घरांतील कोणा सुनेस, आत्याबाईंस अथवा मातोश्रींस डॉक्टरांनीं रुमेटॉइड आर्थ्रायटिस असल्याचें सांगितलें आहे. औषध चालू आहे. आणि आतां कोणी आप्त सुचवितात कीं, शरीरांत किरणोत्सर्गी द्रव्य टोंचून सांध्यांचें चित्र काढतात, तें काढून घ्यावें, म्हणजे रोग किती उरला आहे तें एकदांचें कळेल. हें चित्र म्हणजे काय, त्यानें खरोखर काय कळतें, आणि तें काढावें कीं न काढावें, असें विचारणारे बहुधा घरांतील कर्ते पुरुष असतात. जिच्या सांध्यांविषयीं हें विचारणें चालतें तिचें स्वतःचें पत्र आम्हांस क्वचितच येतें. ही गोष्ट येथें मुद्दाम नमूद करून ठेवतों. पुढें तिच्याकडे पुन्हां वळावें लागेल.

प्रथम रोगाविषयीं थोडें. आमच्याकडे गुडघा दुखला कीं 'संधिवात' हा एकच शब्द वापरण्याची रीत पडली आहे. परंतु वयोमानानें सांध्याची गादी झिजून होणारें दुखणें निराळें आणि हा रोग निराळा. ह्यांत शरीराची संरक्षक यंत्रणाच आपल्या सांध्यांच्या आंतील अस्तरावर उलटते. तें अस्तर सुजतें, जाड होतें, आणि वेळीं आवर न घातल्यास शेजारचें हाड कुरतडूं लागतें. शंभरांत एकाहून कमीच लोकांस हा रोग होतो. पण ज्यांस होतो त्यांत स्त्रियांची संख्या पुरुषांच्या दुप्पट-तिप्पट असते, आणि पुष्कळदां तो ऐन कर्त्या वयांत येतो. पॅरिस येथील सालपेट्रिएर रुग्णालयांत लांद्रे-बोव्हे ह्या तरुण वैद्यानें १८०० सालीं त्याचें वर्णन केलें. 'रुमेटॉइड आर्थ्रायटिस' हें नांव लंडनचे डॉक्टर गॅरड यांनीं १८५९ त दिलें. माधवनिदानांत आमवातास स्वतंत्र अध्याय आहे, व मराठींत ह्या रोगास तेंच नांव रूढ होत आहे. दोन्ही अगदीं एकच असें म्हणणें धाडसाचें होईल. तरी सोयीसाठीं आम्हीही येथें आमवात हाच शब्द योजतों.

ह्या रोगाचें एक लक्षण असें आहे कीं, त्यामुळें एकत्र कुटुंबांत रोग्याचे हाल दुप्पट होतात. झोंपेतून उठतांना सांधे आंखडलेले असतात. मनगटें आणि बोटांचीं मुळें अशीं ताठरतात कीं, तास-दीड तास मूठ वळत नाहीं. कणीक मळणें, धुणें पिळणें, डब्याचें झांकण उघडणें, लहानग्यास उचलणें, हें सर्व नेमकें घराच्या सर्वांत घाईच्या वेळीं अशक्य होतें. आणि मग दहा-अकराच्या सुमारास, जरा हालचाल झाल्यावर, तीच स्त्री बऱ्यापैकीं वावरूं लागते. बाहेरून पाहणाऱ्यास काय दिसतें? सकाळीं काम असतांना दुखतें, काम आटोपलें कीं थांबतें. ह्यावर जाऊबाई, सासूबाई आणि कधीं कधीं प्रत्यक्ष यजमान काय बोलतात, तें आम्हीं लिहिण्याची गरज नाहीं. प्रारंभीच्या महिन्यांत सूज डोळ्यांस फारशी दिसत नाहीं, क्ष-किरणांच्या चित्रांत हाडें निर्दोष असतात, आणि ह्याच काळांत औषधाचा लाभ सर्वांत अधिक असतो. पहिल्या दोन वर्षांत हाडांची जी हानि होते ती मागाहून कोणत्याही गोळीनें भरून येत नाहीं.

म्हणून सांध्याच्या आंत दाह आहे कीं नाहीं, तो वाढतो आहे कीं ओसरतो आहे, हें प्रत्यक्ष पाहण्याची इच्छा डॉक्टरांस व्हावी हें स्वाभाविक आहे. क्ष-किरणांचें चित्र घर जळून गेल्यावर राहिलेल्या भिंती दाखवितें; विस्तव कोठें आहे तें दाखवीत नाहीं. विस्तव पाहण्याची जी अनेक साधनें निघालीं त्यांपैकीं अणुवैद्यक हें एक.

ह्या शास्त्राच्या मुळाशीं असलेली कल्पना एका खाणावळींतून निघाली असें सांगतात. गेऑर्ग हेव्हेसी हा हंगेरियन रसायनशास्त्रज्ञ १९११ च्या सुमारास मँचेस्टर येथें रदरफर्डच्या हातांखालीं काम करीत असतां एका बाईंच्या घरीं जेवावयास होता. पानांतलें उरलेलें अन्न बाई दुसऱ्या दिवशीं नव्या पदार्थांत घालून वाढतात असा त्याचा संशय. बाई अर्थातच नाकबूल. एके दिवशीं त्यानें पानांत उरलेल्या अन्नावर किरणोत्सर्गी द्रव्याचा कण टाकला, आणि पुढें बाईंनीं वाढलेल्या ताज्या म्हणविलेल्या पदार्थाजवळ विद्युद्दर्शक यंत्र नेतांच तें खुणावूं लागलें. (उरलेल्या भाताचा फोडणीचा भात करून उजळ माथ्यानें वाढणाऱ्या आमच्या गृहिणींस ह्या बाईंचा लपंडाव नवलाचा वाटेल.) हेव्हेसीस पुढें १९४३ चें नोबेल पारितोषिक मिळालें, तें अर्थात् खाणावळीबद्दल नव्हे, तर किरणोत्सर्गी अणूस हेर नेमून रासायनिक क्रियांचा माग काढण्याच्या त्याच्या पद्धतीबद्दल. अत्यल्प द्रव्य, ज्याच्या योगें शरीराच्या व्यापारांत कांहींच फरक पडत नाहीं, पण जें जेथें जाईल तेथून आपली खूण पाठवीत राहतें : सांध्यांचें चित्र काढतांना हेंच तत्त्व उपयोगांत येतें.

आज ह्या कामीं सर्वांत अधिक वापरला जाणारा हेर म्हणजे टेक्निशियम-९९एम. टेक्निशियम हें मानवानें कृत्रिम रीतीनें निर्मिलेलें पहिलें मूलद्रव्य. १९३७ त इटलींतील पालेर्मो येथें सेग्रे व पेरिए यांस तें अमेरिकेहून आलेल्या मॉलिब्डेनमच्या पत्र्यांत सांपडलें. त्याचें टेक्निशियम-९९एम हें रूप दर सहा तासांनीं निम्मे होतें. त्यांतून निघणारे गॅमा किरण शरीराबाहेर सहज येतात व कॅमेऱ्यास पकडतां येतात. पण सहा तासांत निम्मी होणारी वस्तु सांठवावी कशी? ह्यावर अमेरिकेंतील ब्रूकहेव्हनच्या प्रयोगशाळेंत १९५० च्या दशकाच्या अखेरीस मोठी मौजेची तोड निघाली. सहासष्ट तासांनीं निम्मे होणारें मॉलिब्डेनम-९९ एका नळींत बसवून रुग्णालयास पाठवावयाचें. त्यापासून टेक्निशियम आपोआप तयार होत राहतें. रोज सकाळीं त्या नळींतून मिठाचें पाणी सोडलें कीं टेक्निशियम तेवढें धुऊन निघतें. तेथील शास्त्रज्ञ ह्या यंत्रास 'गाय' आणि ह्या क्रियेस 'दूध काढणें' म्हणतात. आठवड्याच्या सुमारास ही गाय आटते व दुसरी मागवावी लागते.

आपल्याकडे तुर्भें येथील अप्सरा अणुभट्टी ४ ऑगस्ट १९५६ रोजीं चालू झाली. १९६३ त परळ येथें रेडिएशन मेडिसिन सेंटर निघालें. आणि आज नवी मुंबईंतील 'ब्रिट' ही सरकारी संस्था वैद्यकीय उपयोगाचीं किरणोत्सर्गी द्रव्यें देशांतील रुग्णालयांस पुरविते. तेव्हां ही परीक्षा परदेशीं जाऊन करण्याची गोष्ट राहिलेली नाहीं. मोठ्या शहरांत ती होते.

परीक्षेची रीत साधी आहे. टेक्निशियम एका फॉस्फेटयुक्त द्रव्याशीं जोडून दंडाच्या शिरेंत टोंचतात. क्ष-किरणांत दिवा बाहेर असतो व देहाची सांवली पडते. येथें दिवा देहाच्या आंतच लावलेला असतो आणि कॅमेरा नुसता पाहतो. पहिल्या मिनिटांत रक्त कोणत्या सांध्याकडे अधिक वेगानें धांवतें तें दिसतें. पांचेक मिनिटांनीं कोणत्या भागांत रक्त तुंबलें आहे तें. आणि दोन ते चार तासांनीं, तें द्रव्य हाडांवर बसल्यावर, कोठें हाडाची उलथापालथ चालू आहे तें. दाहाची साक्ष मुख्यतः पहिल्या दोन टप्प्यांत असते. मधल्या काळांत भरपूर पाणी प्यावयाचें व लघवीस जात राहावयाचें, एवढेंच रुग्णाचें काम. एकाच टोंचणींत मस्तकापासून पायाच्या बोटांपर्यंत सर्व सांधे एका दृष्टिक्षेपांत येतात, हा ह्या चित्राचा मोठा गुण.

दोष असा कीं, हा हेर चोर व साव फारसा ओळखत नाहीं. झिजलेला गुडघा, जुना मोडलेला हात, जंतूंमुळें पिकलेला सांधा, आमवातानें सुजलेला सांधा, हे सर्व कमीअधिक 'तापलेले' दिसतात. साठीच्या गृहस्थाच्या चित्रांत गुडघे उजळलेले पाहून घरांतल्या सर्वांनीं 'वात अंगभर पसरला' असा निकाल द्यावा, आणि तो कागद लग्नपत्रिकेप्रमाणें आल्यागेल्यास दाखवावा, हा प्रकार आमच्या पाहण्यांत आहे. चित्राचा अर्थ रोग्याचा सांधा ज्यानें हातानें चाचपला आहे त्यानेंच सांगावा.

अधिक चोखंदळ हेरही निघाले आहेत. फ्लुओरिन-१८ हा अणु साखरेच्या रेणूस जोडून शरीरांत सोडला असतां, दाहाच्या जागीं जमलेल्या व साखर अधाशीपणें खाणाऱ्या पेशी तो गिळतात, पण पचवूं शकत नाहींत. त्यामुळें त्या पेट कॅमेऱ्यांत चमकतात. हा अणु एकशेंदहा मिनिटांतच निम्मा होत असल्यामुळें तो करणारें सायक्लोट्रॉन यंत्र जवळ असावें लागतें. भारतांत वैद्यकीय उपयोगाचें असें पहिलें यंत्र २००२ त परळ येथेंच बसलें. कर्करोगाच्या तपासणींत ही परीक्षा नित्याची झाली आहे. आमवाताच्या सांध्यांतही ती दाह दाखविते; परंतु खर्च व किरणांची मात्रा अधिक, आणि मधुमेह्याची रक्तशर्करा चढलेली असल्यास चित्र बिघडतें. दाहपेशींच्या अंगावरील एका विशिष्ट खुणेस चिकटणारें टिल्मॅनोसेप्ट नांवाचें द्रव्यही आहे. अमेरिकेंत २०१३ सालीं त्यास कर्करोगांतील लसिकाग्रंथि हुडकण्यासाठीं मान्यता मिळाली, आणि मागाहून आमवाताच्या सांध्यांवर त्याचे प्रयोग झाले. नित्याच्या व्यवहारांत तें आलेलें नाहीं.

आतां मुख्य प्रश्न. औषध लागू पडतें आहे कीं नाहीं हें पाहण्यासाठीं दर कांहीं महिन्यांनीं असें चित्र काढावें काय? आमचें स्पष्ट मत असें आहे कीं, काढूं नये. संधिरोगतज्ज्ञ ह्या कामीं जें माप वापरतात तें फार साधें आहे. अठ्ठावीस सांधे एकेक करून दाबून पाहावयाचे : दोन खांदे, दोन कोपरे, दोन मनगटें, हातांच्या बोटांच्या मुळांचे दहा, बोटांतील दहा आणि दोन गुडघे. त्यांपैकीं किती दुखतात व किती सुजले आहेत तें मोजावयाचें. रक्ताची एक तपासणी करावयाची. आणि रुग्णास विचारावयाचें कीं, शून्य ते शंभरांत तुम्हांस स्वतःस किती त्रास वाटतो. ह्या चार गोष्टींवरून एक आंकडा निघतो. तो २.६ च्या खालीं आला म्हणजे रोग निवळला असें समजतात, आणि तो येईपर्यंत औषध वाढवीत वा बदलीत जातात.

ह्याहून सूक्ष्म साधनानें पाहिल्यास अधिक लाभ होईल असें कोणासही वाटेल. तज्ज्ञांसही तसेंच वाटलें. नॉर्वेंत दोनशेंहून अधिक नव्या रुग्णांचे दोन गट करून एका गटांत वरील रीतीनें, व दुसऱ्यांत त्याखेरीज प्रत्येक भेटींत ध्वनिलहरींच्या सोनोग्राफीनें सांध्यांचा आंतील दाह पाहून, दोन वर्षे औषधयोजना केली. निष्कर्ष २०१६ त प्रसिद्ध झाला. चित्रें पाहून उपचार केलेल्या गटांत महागडीं औषधें अधिक वापरलीं गेलीं. रोग मात्र लक्षणीय प्रमाणांत अधिक बरा झाला नाहीं. स्कॉटलंडांतील २०१५ च्या लहान प्रयोगांतूनही तसाच लाभ दिसला नाहीं. सोनोग्राफींत तर किरणही नसतात. तिच्या बाबतींत जर असा अनुभव, तर किरणोत्सर्गी चित्रें नियमानें काढवीत बसण्याचें समर्थन कसें करावें, तें आम्हांस समजत नाहीं.

तथापि चित्र सर्वथा निरुपयोगी असेंही नव्हे. त्या अठ्ठावीस सांध्यांत पावलांचा एकही सांधा नाहीं, ही गोष्ट पुष्कळ रुग्णांच्या ध्यानांत येत नाहीं. हातांचे सांधे निवळले, आंकडा उतरला, सर्वांस समाधान वाटलें. पण पायाच्या बोटांच्या मुळांशीं विस्तव धुमसत राहिला, असें होऊं शकतें. घरांत अनवाणी वावरणाऱ्या स्त्रियांनीं तर ही जागा डॉक्टरांस आपण होऊन दाखवावी. येथें संपूर्ण देहाचें चित्र उपयोगी पडतें. दुसरा प्रसंग ह्याच्या अगदीं उलट. कित्येक रुग्णांचें दुखणें औषधानें सूज उतरल्यावरही राहतें. दुखण्याचे व त्रासाचे आंकडे वर, तर रक्त स्वच्छ आणि सांधे मऊ. हें दुखणें खोटें नसतें. तें झिजेचें असूं शकेल, स्नायूंचें असूं शकेल, दीर्घकाळच्या वेदनेनें मज्जातंतु हळवे झाल्याचें असूं शकेल. पण दाहाचें नसल्यास दाहशामक जालीम औषध वाढविल्यानें अपाय तेवढा होईल. चित्रांत सांधे शांत दिसले तर डॉक्टरांचा हात आंवरतो. ह्या दोन शंका सोनोग्राफीनें किंवा एम.आर.आय.नें मिटत असल्यास त्या अगोदर. न मिटल्यास अणूचें चित्र, असा क्रम आम्हांस योग्य वाटतो.

वर सांगितलेल्या चार गोष्टींपैकीं चौथीकडे आतां वाचकांनीं पुन्हां पाहावें. रुग्णास स्वतःस किती त्रास वाटतो, हा प्रश्न दाक्षिण्य म्हणून विचारलेला नसतो. त्याचें उत्तर हिशेबांत धरलें जातें आणि त्यावर औषधाची मात्रा ठरते. आमच्या कुटुंबांतील चाल अशी कीं, दवाखान्यांत सुनेबरोबर यजमान अथवा सासूबाई जातात आणि 'आतां पुष्कळ बरें आहे' हें उत्तर तेच देऊन टाकतात. ती मान हलविते. वडीलधाऱ्यांसमोर सकाळच्या वेदनेचें गाऱ्हाणें गाणें तिला प्रशस्त वाटत नाहीं. आंकडा खोटा निघतो. औषध होतें तेवढेंच राहतें. आणि सहा महिन्यांनीं बोटें वांकडीं झालीं म्हणजे तेच यजमान आम्हांस पत्र लिहून विचारतात कीं, अणूचें चित्र काढलें असतें तर हें आधीं कळलें असतें काय. कळलें असतें, बहुधा. पण जिच्या बोटांत तें होतें तिला तें रोज सकाळीं कळतच होतें, आणि त्यास कांहीं खर्च नव्हता. कित्येक घरांत चित्राचा खरा उपयोग डॉक्टरांस नसून सासरच्या मंडळींस होतो, असें एका अनुभवी तज्ज्ञानें आम्हांस सांगितलें. चमकणारीं मनगटें कागदावर दिसलीं, कीं पाणी भरण्याचें काम दुसऱ्याकडे जातें. असा पुरावा मागावा लागावा हें आम्हांस भूषणावह वाटत नाहीं. तरी डॉक्टर जर अशा हेतूनें चित्र काढवीत असतील तर त्यांस दोष देण्यास आम्ही धजणार नाहीं.

तपासणीस गेलें असतां रुग्णास प्रथम पांच मिनिटें एकटीनें आंत जाऊं द्यावें. सकाळीं किती वेळ मूठ वळत नाहीं हें तिनें घड्याळ पाहून आठवडाभर लिहून न्यावें. आणि ओघांत एक धोक्याची सूचना : आमवातासाठीं दिलें जाणारें मेथोट्रेक्सेट हें आठवड्यांतून एकदांच घ्यावयाचें औषध आहे. रोजच्या गोळ्यांच्या डबींत पडून तें चुकून रोज घेतलें गेल्यास प्राणावर बेततें. ठरलेला वार कॅलेंडरवर लिहून ठेवावा.

किरणांच्या भयाविषयींही पत्रांत पुष्कळ विचारणा आहे. टेक्निशियमच्या चित्रांत शरीरास साधारण तीन ते पांच मिलिसीव्हर्ट मात्रा पोंचते. माती, आकाश, अन्न यांतून प्रत्येकास जी नैसर्गिक मात्रा मिळते तिची जगांतील सरासरी वर्षास २.४ आहे. म्हणजे सुमारें एक-दोन वर्षांची नैसर्गिक मात्रा एका दिवसांत घेतल्यासारखें होतें. कारण असेल तर ती भिण्याजोगी नाहीं. कारण नसेल तर घेऊं नये. गरोदर स्त्रीनें, किंवा तशी शंका असल्यास, आधींच सांगावें. अंगावर पाजणाऱ्या आईनेंही. चालू औषध चित्रासाठीं आपल्या मतानें बंद करूं नये. घरीं आल्यावर त्या दिवशीं नातवंडांस फार वेळ मांडीवर घेऊन बसूं नये आणि गर्भवतीपासून थोडें अंतर ठेवावें. चोवीस तासांत मूळ मात्रेचा सोळावा हिस्साही उरत नाहीं. ह्यासाठीं रुग्णाचें पान-भांडें निराळें मांडण्याची अथवा त्यास खोलींत कोंडण्याची आवश्यकता नाहीं; एके ठिकाणीं चार दिवस तसें केल्याचें आमच्या कानीं आलें.

किरणोत्सर्गी अणु नुसता हेर म्हणूनच वापरतात असें नाहीं. यिट्रियम-९० हा अणु औषधांनीं न ऐकणाऱ्या गुडघ्यांत टोंचून तेथील सुजलेलें अस्तर जाळण्याचा उपचारही कित्येक दशकें चालत आला आहे. त्याविषयीं आलेल्या दोन पत्रांचा परामर्श पुढील अंकीं घेऊं.